निळ्या दिव्याचा आकडा

३ ऑक्टोबर

प्रिय वहिनी,

सुखरूप पोचले. निघताना तुला धड काही सांगता आलं नाही, कारण तळघराच्या जिन्यात दादा उभा होता आणि माझ्या प्रत्येक वाक्याला हुं हुं करत होता. फोनवर बोलायचीही सोय नाही. तुमचा फोन बाबांच्या कामाच्या खोलीत, आणि मी बाबांच्या छातीबद्दल विचारलं तर त्यांच्या शेजारी उभी राहून तू काय खरं सांगणार? तेव्हा आपण पत्रंच लिहू.

आता लक्ष देऊन वाच. टाकीत मेण आहे हे तू पाहिलंसच. छतावरच्या पॅनेलमधून गरम पाणी खाली येतं, त्याने मेण वितळतं, आणि रात्री थिजताना तेच मेण ऊब परत देतं. गंमत अशी की मेण एकदा वितळायला लागलं की त्याचं तापमान जागचं हलत नाही. चमचाभर वितळलेलं असो की जवळजवळ सगळं, काटा आपला अठ्ठावन्नवर. म्हणजे थर्मामीटर बघून किती ऊब साठली आहे ते कळतच नाही. आमच्या ओळखीची एक शाळा त्या काट्यावर विसंबून राहिली आणि ऐन थंडीत टाकी संपवून बसली.

म्हणून मी उजेडाने मोजते. थिजलेलं मेण पांढरं असतं, त्यातून उजेड जात नाही. वितळलेलं मेण पाण्यासारखं असतं, त्यातून जातो. टाकीभर काचेचे बारीक तंतू सोडलेत, अर्धे निळ्या दिव्याचा उजेड मेणात सोडतात आणि समोरचे अर्धे मेणातून आलेला उजेड सेन्सरकडे नेतात. पलीकडे जेवढा उजेड पोचला तेवढी ऊब शिल्लक, इतका साधा हिशेब. स्वयंपाकघरातल्या डबीवर तो आकडा दिसेल. शंभर म्हणजे टाकी भरलेली, शून्य म्हणजे खडखडाट.

थर्मामीटरवर मी काळी चिकटपट्टी मारून ठेवली आहे. ती काढायची नाही, मला माहीत आहे तुझे हात शिवशिवतील. रेडिएटरकडे ऊब सोडणाऱ्या व्हॉल्व्हलाही कुणी हात लावायचा नाही. आकडा खाली आला की डबी आपणहून एकेक खोली बंद करत जाईल. टाकी पार थिजली तर पुन्हा वितळायला महिना लागेल, म्हणून ही काटकसर. आणि पत्र लिहिताना कोपऱ्यात, तारखेच्याही आधी, त्या दिवशीचा आकडा लिहीत जा.

दादाने दिलेला शब्द तुझ्या लक्षात असेलच. कोळशाची शेगडी बाबांच्या छातीसाठी काढून टाकली. आता हा एक हिवाळा टाकीवर निभला तर बाबा घरात राहणार, नाहीतर नदीपलीकडच्या वृद्धाश्रमात. बाबा तिथे बसून काय करतील, सांग मला? त्यांना सरसाचं भांडं आणि पुस्तकं दाबायचा शिकंजा पुढ्यात नसेल तर ते चहासुद्धा नीट पीत नाहीत.

तुझी,
नणंद (खाष्ट)


आकडा: ९१
१७ ऑक्टोबर

प्रिय वन्सं,

खाष्ट नणंदेचा हुकूम शिरसावंद्य. कोपऱ्यात आकडा लिहिला आहे, बघून घे.

घर छान उबदार आहे. कोळशाची धूळ नाही, धूर नाही. मामंजींच्या खोकल्याचा आवाज गेले आठ दिवस जवळजवळ नाहीच, मला उलट चुकल्याचुकल्यासारखं होतं. शाळेची जुनी पुस्तकं बांधायला आली आहेत, टेबलावर पुठ्ठ्यांचा डोंगर. काल म्हणाले, "सूनबाई, सरस बघ कसा धारेने पडतोय. शेगडीच्या काळात एका बाजूने करपायचा आणि दुसऱ्या बाजूने गोठायचा." हे अशा तोऱ्यात म्हणाले, जणू टाकी त्यांनीच बनवली.

तुझ्या डबीला त्यांनी 'टिल्लीचा डोळा' असं नाव ठेवलं आहे. सकाळी उठून स्वयंपाकघरात येतात, आधी डबी बघतात, मग चहा. तुझे दादा मात्र नाक मुरडतात. म्हणतात, मेणबत्तीवर घर तापवायचं म्हणजे आमच्या बहिणीचं डोकं. मी म्हटलं, आपल्या घराण्यात डोकं असलेलं एक तरी माणूस आहे. त्यावर पेपर तोंडासमोर धरला.

पट्टी काढलेली नाही. शपथ.

तुझी,
वहिनी


२६ ऑक्टोबर

प्रिय वहिनी,

एक्याण्णव! तुझं पत्र मी साहेबांना दाखवलं. कॉलेजच्या प्रयोगशाळेत आमची टाकी पिंपाएवढी, आणि खरंखुरं घर तापवणारी टाकी तुमचीच पहिली. माझ्या टेबलामागच्या भिंतीवर मी एक आलेख लावला आहे आणि तुझ्या पत्रातला आकडा आला की त्यावर ठिपका देते. लोक येता-जाता विचारतात, तुमचं घर काय म्हणतंय?

दादाला सांग, मेणबत्ती जळून संपते, ही संपत नाही.

बाबांना माझा नमस्कार. घाईत आहे.

टिल्ली


आकडा: ६२
२८ नोव्हेंबर

प्रिय वन्सं,

आकडा बघून तोंड वाकडं करू नकोस, मीही केलं आहे. थंडी अजून पुरती पडलेली नाही आणि एवढ्यात बासष्ट. ऊनही बरं आहे. मला वाटलं होतं उन्हाच्या दिवशी आकडा चढेल, पण तो आपला रोज एकेक पायरी उतरतो.

एक गुन्हा कबूल करते. परवा तळघरात दोरीवर कपडे वाळत घालायला गेले (तिथे फार पटकन वाळतात), आणि तुझ्या काळ्या पट्टीचं एक टोक सुटलेलं दिसलं. मी काढली नाही, टोक आपणहून सुटलं होतं. मी फक्त वाकून बघितलं. काटा चौऱ्याहत्तरवर होता. दुपारची वेळ होती. तू अठ्ठावन्न म्हणाली होतीस म्हणून मला आपलं वाटलं, कळवावं. पट्टी पुन्हा घट्ट दाबून ठेवली आहे, आता रागावू नकोस.

वरची खोली डबीने बंद केली. तिथे कुणी झोपत नाही, तेव्हा काही बिघडत नाही. मामंजी ठीक आहेत.

वहिनी


८ डिसेंबर

प्रिय वहिनी,

चोराच्या उलट्या बोंबा! टोक म्हणे आपणहून सुटलं. अगं, त्या काट्याकडे बघू नकोस म्हणून तर पट्टी लावली. त्याचं नाक पॅनेलकडून येणाऱ्या नळाला लागून आहे. दुपारी नळ तापला की तो फुशारकी मारणारच. बड्या घरचा पोकळ वासा आहे तो. आपल्याला टाकीच्या पोटात काय आहे ते हवं, आणि ते फक्त उजेडाला दिसतं. पुन्हा वाकून बघितलंस तर मी दादाला तुझी तक्रार करीन.

बासष्ट हे मात्र माझ्या अंदाजाहून कमी आहे. घराच्या भिंती मी समजले होते त्यापेक्षा ऊब जास्त खात असणार. खिडक्यांच्या फटीत कापड कोंब. रेडिएटर हात राखून वापरा. अंथरूण पाहून पाय पसरले तर फेब्रुवारी निघून जाईल.

बाबा ठीक आहेत एवढंच लिहिलंस. बरं.

टिल्ली


आकडा: ३१
२ जानेवारी

प्रिय वन्सं,

आता खरी थंडी आली. अंगणातल्या नळाला सकाळी बर्फाची नळी लागते.

डबीने परवा मामंजींची कामाची खोलीही बंद केली. मी त्यांना म्हटलं, सामान स्वयंपाकघरात आणू या. तर म्हणाले, शिकंजा काय डबा आहे का उचलून आणायला. अंगात दोन स्वेटर, हातात बोटं कापलेले मोजे, असे तिथेच बसतात. सरस भांड्यात दह्यासारखा होतो. ते भांडं उचलून स्वयंपाकघरात येतात, गॅसवर धरतात, परत जातात, आणि पोचेपर्यंत तो पुन्हा घट्ट. काल असे किती हेलपाटे घातले मी मोजले नाहीत. खोकला परत आला आहे.

मी विचारलं की म्हणतात, "मला कुठे थंडी वाजते?" डॉक्टर म्हणाले, या वयात थंडी कळत नाही, हेच वाईट. तुझ्या दादांनी विजेचा हीटर आणला. लावला आणि सगळ्या घराचा फ्यूज उडाला. दुसऱ्यांदा लावला तेव्हा भिंतीतून जळका वास आला, मग मीच उचलून दुकानात परत दिला.

तुझे दादा व्हॉल्व्ह हाताने उघडायला निघाले होते. मी जिन्यात आडवी उभी राहिले. तू सांगितलं होतंस म्हणून. आमच्यात मोठी बाचाबाची झाली, आणि मामंजी मधे येऊन म्हणाले, "टिल्लीने नको म्हटलंय ना, मग नको." तो विषय तिथे संपला.

दोन दिवस खणखणीत ऊन होतं, तरी आकडा चढला नाही. असं का गं?

वहिनी


११ जानेवारी

प्रिय वहिनी,

तू आडवी उभी राहिलीस ते फार बरं केलंस. दादाने व्हॉल्व्ह उघडला असता तर दोन रात्रीत टाकी शून्यावर आली असती आणि पुढचा महिना तुम्ही बर्फात.

ऊन असून आकडा का चढत नाही याचा मी खूप विचार केला. कुठेतरी ऊब गळते आहे. टाकीच्या तळाचं वेष्टण दमट झालं असेल. तळघरात कपडे पटकन वाळतात असं तू लिहिलं होतंस, तेच ते. उन्हाळ्यात येऊन दुरुस्त करते. आत्ता निघता येत नाही, पुढच्या आठवड्यात बाहेरची मंडळी आमचं काम बघायला येणार आहेत आणि तुमच्या घराचा आलेख मलाच समजावून सांगायचा आहे.

डबीला मी आणखी काटकसर करायला लावते. मागच्या बाजूचं बटण एक घर डावीकडे फिरव. मग फक्त स्वयंपाकघर आणि बाबांची झोपायची खोली चालू राहील, तीही बेताची. बाबांना म्हणावं, सहाच आठवडे काढा. टिल्लीसाठी.

टिल्ली


आकडा: १४
२५ जानेवारी

प्रिय वन्सं,

मामंजी काल वृद्धाश्रमात गेले. कुणी पाठवलं नाही, त्यांनीच सांगितलं. सकाळी चहा घेताना म्हणाले, मला माणसांत राहायचंय, इथे भिंतींशी किती बोलू. तुझ्या दादांनी एवढं सगळं ठरवून ठेवलं होतं, पण म्हातारा आपल्या तोंडाने म्हणाला तेव्हा त्यांना दिलेला शब्द आठवला आणि ते म्हणाले, बाबा, फेब्रुवारी जाऊ दे. मामंजी म्हणाले, नाही, आजच.

शिकंजा शाळेला देऊन टाकला. शाळेची दोन माणसं हातगाडी घेऊन आली होती. कागदाच्या घड्या पाडायची हाडाची पट्टी तेवढी खिशात ठेवली आहे.

तिथली खोली गरम आहे. नर्स चांगली आहे. काळजी करू नकोस.

वहिनी


३ फेब्रुवारी

वहिनी,

काय लिहू? एक हिवाळा म्हणून शब्द ठरला होता, आख्खा एक हिवाळा. टाकीत अजून चौदा शिल्लक आहेत. मी दिवसांचा हिशेब करून सांगितलं होतं की पुरेल. मी इथे लोकांसमोर उभी राहून सांगत होते की माझे वडील या टाकीवर हिवाळा काढताहेत, आणि ते त्याच आठवड्यात सामान बांधत होते.

माणसांत राहायचंय म्हणे! बाबांना कधीपासून माणसं आवडायला लागली? गिऱ्हाईक दारात आलं तरी त्यांना घाम फुटतो. दादाने त्यांच्या मनात भरवलं असणार, आणि तू गप्प बसलीस. का थांबवलं नाहीस त्यांना?

बाबांना माझा निरोप सांग. त्यांनी माझ्यावर थोडा तरी भरवसा ठेवायला हवा होता. लहानपणी माझी मोडकी खेळणीसुद्धा चालतील म्हणायचे. आता खरं काहीतरी बनवलं तर सहा आठवडे धीर धरवला नाही.

मी आलेख भिंतीवरून काढला आहे. आता आकडे कळवायची गरज नाही.


१२ एप्रिल

प्रिय वन्सं,

तुझं पत्र येत नाही, म्हणून मीच लिहिते. न लिहून चालणारही नाही.

घर विकायचा विचार चालू आहे. घेणाऱ्याला तळघर मोकळं हवं आहे, म्हणून तीन दिवसांपूर्वी प्लंबरला बोलावलं. त्याने आधी पट्टी काढली. काटा एक्क्याऐंशीवर. डबीवर आकडा चार. तो म्हणाला, बाई, ही टाकी संपलेली कुठे आहे, उकळायची तेवढी बाकी आहे. मी त्याला तू सांगितलेलं सगळं सांगितलं, काटा नळाला लागून आहे वगैरे. तो ऐकून घेत होता. मग म्हणाला, तरी एकदा व्हॉल्व्ह उघडून बघू. टाकी काढायचीच होती, म्हणून मी हो म्हटलं.

वन्सं, सगळे रेडिएटर तापले. वरची खोली, जिना, मामंजींची कामाची खोली, सगळं. आम्ही खिडक्या उघडल्या. तुझे दादा सदऱ्याची बटणं काढून खुर्चीत बसले. ऊब दुसऱ्या दिवशीही चालू होती, तिसऱ्या दिवशीही. आज चौथा दिवस आहे आणि रेडिएटरला अजून हात लावून धरवत नाही.

प्लंबरने वरचं झाकण काढलं तेव्हा मी बॅटरी धरली होती. आत सगळं वितळलेलं, तळापर्यंत. पण पाण्यासारखं नव्हतं. कोऱ्या चहासारखं होतं. मी त्यातलं थोडं बरणीत घेतलं आहे, या पत्राबरोबर पार्सलने पाठवते. बरणीत थिजल्यावर पिवळं दिसतं.

मला यातलं काही कळत नाही. तू बघ आणि काय ते कळव.

वहिनी


२१ एप्रिल

वहिनी,

बरणी मिळाली. वितळवली, आणि माझ्याच निळ्या दिव्यासमोर धरली. पलीकडे काळोख. मग शेजारच्या टेबलावरचा लाल दिवा आणून धरला, तर उजेड आरपार गेला.

यापुढे सांगण्यासारखं फार नाही. मेण पुन्हा पुन्हा तापलं आणि त्याला हवा लागत राहिली की ते हळूहळू पिवळं पडतं. पिवळं मेण सगळ्यात आधी निळा उजेड खातं. प्रयोगशाळेत आमचं पिंप बंद होतं, हवा नव्हती, म्हणून मेण पांढरं राहिलं. तुमच्या टाकीला मी झाकणाशी हवेची भोकं ठेवली, कारण मेण फुगतं. आणि निळा दिवा मीच निवडला, त्याने आकडे रेखीव येतात म्हणून. मेण जुनं होत होतं आणि मला वाटत होतं ऊब संपते आहे. टाकी भरत होती आणि डबी एकेक खोली बंद करत होती.

चौऱ्याहत्तर! तू नोव्हेंबरात मला लिहिलं होतंस. सगळं मेण वितळून झाल्याशिवाय काटा अठ्ठावन्नच्या वर जातच नाही. हे मी शिकवते, वहिनी. पहिल्या वर्षाच्या पोरांना शिकवते. तो एक आकडा वाचून मी तेव्हाच उठून गाडी पकडायला हवी होती. मी काय केलं? तुला चोर म्हटलं. नळाबद्दल लिहिलं तेही त्या क्षणी मनाला आलं म्हणून लिहिलं, तपासलं नव्हतं. मला माझा आलेख आवडत होता, अगदी उतरत होता तरीही. उतरणारी रेघसुद्धा किती सरळ होती.

बाबा भरलेल्या टाकीवर दोन स्वेटर घालून बसले होते. दादा व्हॉल्व्ह उघडायला निघाला होता आणि तो बरोबर होता. त्याला हे माझ्या नावाने सांग, शब्द न गाळता.

पण अजून वेळ गेलेली नाही. मी लाल दिव्याची नवीन डबी घेऊन येते, झाकण बंद करते, मेण बदलते. घर विकू नका. शाळेकडून शिकंजा परत मागा, मी त्यांना नवा घेऊन देईन. बाबांना उद्याच्या उद्या घरी आणा. बैल गेला आणि झोपा केला असं म्हण हवं तर, पण आणा.

टिल्ली


२९ एप्रिल

प्रिय टिल्ले,

तुला एवढ्यात नावाने हाक मारत नव्हते, पण आज मारते.

मामंजींना आणता येणार नाही. मार्चमध्ये त्यांना छातीचं मोठं दुखणं झालं. तू लिहीत नव्हतीस आणि मीही रागात होते, म्हणून कळवलं नाही. ती माझी चूक, तिचं मला फार वाईट वाटतं. आता ते अंथरुणात आहेत, नळीतून प्राणवायू चालू आहे. डॉक्टर म्हणतात, हलवायचं नाव काढू नका. तिथे खोली इतकी गरम असते की मी पदराने वारा घेते, आणि त्यांचे हात मात्र गार. दिवसभर ती हाडाची पट्टी चादरीवरून फिरवत असतात. चादरीच्या घड्या पाडतात.

आता जे मी सांगणार नव्हते ते सांगते. त्यांनी मला शपथ घातली होती, पण ती पाळून आता कुणाचं भलं होणार आहे?

जायच्या आदल्या संध्याकाळी ते स्वयंपाकघरात आले. डबीसमोर उभे राहिले. म्हणाले, "सूनबाई, चौदा झाले. हा शून्यावर आला तर?" मी म्हटलं, तर काय, टाकी संपेल. ते म्हणाले, "मग सगळे म्हणतील, टिल्लीची टाकी पुरली नाही. मी आधीच गेलो तर कोण म्हणेल? म्हातारा आपल्या मर्जीने गेला, टाकीची परीक्षा राहूनच गेली, असंच होईल ना?" मी रडायला लागले तर म्हणाले, "तिला हे कळवलंस तर मी तुझ्याशी बोलणार नाही."

त्यांना माणसं नको होती, टिल्ले. त्यांना तुझं नाव सांभाळायचं होतं. तू फेब्रुवारीत जे लिहिलंस ते मी त्यांना वाचून दाखवलं नाही. टिल्लीचं काय आलं म्हणून विचारत होते, मी म्हटलं, तुमची खुशाली विचारली आहे.

तुझं हे पत्र आलं तेव्हा मात्र मला राहवलं नाही. मी आणि तुझे दादा दोघं गेलो. तुझ्या दादांनीच सांगितलं. म्हणाले, बाबा, टाकी भरलेली होती, सगळा हिवाळा भरलेली होती, आकडाच खोटा होता. मला भीती वाटली की आता त्यांना केवढा धक्का बसेल. त्यांनी दोनदा विचारलं, "भरलेली? नक्की?" तुझे दादा म्हणाले, चार दिवस खिडक्या उघड्या टाकाव्या लागल्या.

मामंजी हसले. खोकला येईपर्यंत हसले. म्हणाले, "मग टिल्ली पास झाली म्हण की!" आणि शेजारच्या खाटेवरच्या गृहस्थांना उठवून सांगितलं की माझ्या मुलीची टाकी पास झाली.

तुझे दादा बाहेर जिन्यात जाऊन बसले. बराच वेळ आत आले नाहीत.

वहिनी


५ मे

बाबा,

तुम्हाला मी एकटीने, स्वतंत्र असं पत्र कधी लिहिलंच नव्हतं. सगळी पत्रं वहिनीला, आणि खाली एका ओळीत तुम्हाला नमस्कार. हे पत्र तुमचं आहे. वहिनी वाचून दाखवेल, पण एक शब्द गाळणार नाही, असं मी तिच्याकडून वदवून घेतलं आहे.

बाबा, मी पास झाले नाही. शेजारच्या गृहस्थांना तेवढं सांगा. टाकी चांगली होती, मेण चांगलं होतं, छतावरचं ऊनही भरपूर होतं. मोजणारी चुकली. तुम्ही गारठत होता आणि ऊब तुमच्या पायाखाली होती, आणि व्हॉल्व्हला हात लावू नका म्हणून मी लांबून बजावत होते. तुम्ही मला वाचवायला घर सोडलंत, आणि त्यावर मी तुम्हाला भरवसा नाही म्हणून नावं ठेवली. वहिनीने ती ओळ तुम्हाला वाचून दाखवली नाही, म्हणून मीच सांगते. तुम्हाला ती माहीत असलेली बरी.

तुम्ही हसाल आणि म्हणाल, जाऊ दे गं. तुम्ही तसं म्हटलंत तरी ते जाणार नाही. शिकंजा गेला, तुमची खोली गेली, एक हिवाळा गेला जो तुम्ही कामात घालवला असतात. यातलं मला काही परत आणता येत नाही. मी इथे महिनाभराची रजा मागितली आहे.

नवी डबी आणत नाही. दिवा, सेन्सर, काही आणत नाही. वहिनी म्हणते खोली गरम असते तरी तुमचे हात गार पडतात. मी शनिवारी दुपारच्या गाडीने निघते. संध्याकाळी तुमच्या खाटेशी येऊन बसते आणि ते हात माझ्या हातात घेते.

तुमची,
टिल्ली